आईची भुईआवळी आणि नातीचं एम. फार्म.

मी बेळगावचा, मूळ घर शहापूरला. बँकेत अडतीस वर्षं नोकरी करून २०११ साली निवृत्त झालो. शिक्षण बी. कॉम. म्हणजे औषधशास्त्राशी माझा संबंध केमिस्टच्या बिलापुरता. तरीही आज त्यावरच लिहिणार आहे, कारण आमची नात एम. फार्म. झाली आणि तिच्या त्या दोन वर्षांत आमच्या घरातली एक जुनी गोष्ट पन्नास वर्षांनी पुन्हा वर आली. पोस्ट जरा लांब आहे, सवडीने वाचा.

नातीचा विषय होता फार्माकॉग्नॉसी. हा शब्द मला नीट उच्चारता यायला सहा महिने लागले. ग्रीक भाषेत 'फार्माकॉन' म्हणजे औषध आणि 'ग्नोसिस' म्हणजे ज्ञान, असं तिने सांगितलं. सोप्या मराठीत, झाडापाल्यापासून मिळणाऱ्या औषधांचं शास्त्र. झाड कुठलं, त्याचा कुठला भाग, त्यात कुठलं द्रव्य, किती प्रमाणात, आणि बाजारात जे मिळतं ते तेच आहे का, हे सगळं त्यात येतं.

२०२२ मध्ये तिचं बी. फार्म. संपलं. जीपॅट नावाची परीक्षा असते, तीही चांगली सुटली. एके दिवशी रात्री जेवताना तिने जाहीर केलं, "मी फार्माकॉग्नॉसी घेणार." मुलगा गप्प बसला. सूनबाई म्हणाली, "बघा की मामंजी, तुम्हीच काहीतरी सांगा." मी लगेच हिशोब मांडला. तिच्या मैत्रिणी फार्मास्युटिक्स घेत होत्या, क्वालिटी अ‍ॅश्युरन्स घेत होत्या. तिकडे कंपन्या उचलतात, पगार बरे असतात. झाडपाल्याला कोण विचारतो? मास्तरकी नाहीतर एखाद्या काढ्या-चूर्णाच्या कारखान्यात नोकरी, एवढंच. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आबा, जीपॅट पास झालेल्याला महिना १२,४०० रुपये स्कॉलरशिप मिळते. चोवीस महिने. गुणाकार तुम्हीच करा." केला. दोन लाख सत्त्याण्णव हजार सहाशे. कर्ज काढायची गरज उरत नव्हती. बँकवाल्याचं तोंड तिथेच बंद झालं.

पण खरं सांगायचं तर माझा विरोध पगारासाठी नव्हता. तो का होता ते त्या रात्री कुणाला सांगितलं नाही.

माझी आई काविळीचं औषध द्यायची. शहापुरात आणि आसपास वडगाव, अनगोळपर्यंत तिचं नाव होतं. जून-जुलैत पाऊस लागला की आमच्या परसात, गटाराच्या कडेला, भिंतीच्या भेगांत भुईआवळी उगवायची. वीतभर उंचीचं झुडूप, आवळ्यासारखी बारीक पानं आणि पानांच्या खाली ओळीने लटकलेले मोहरीएवढे दाणे. आई ते मुळासकट उपटून, धुऊन, पाट्यावर वाटून ताकातून द्यायची. सकाळी अनशेपोटी, सात दिवस. तेल-तूप बंद, मीठ अगदी कमी. पैसे घ्यायची नाही. बरं वाटलं की लोक नारळ आणून देवापुढे ठेवायचे. आमच्या घरात वर्षभर नारळ विकत आणल्याचं मला आठवत नाही. आम्हा भावंडांना त्याचा फार अभिमान होता.

१९७७ च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला कावीळ झाली. तो बावीस वर्षांचा होता. मी तेव्हा बाहेरगावच्या शाखेत होतो, चार दिवसांची रजा काढून घरी आलो. डॉक्टरकडे नेण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्यांची कावीळ ज्या घरात उतरते त्या घरातला मुलगा दवाखान्यात कशाला जाईल? आईने औषध सुरू केलं. सहाव्या दिवशी तो दिवसाही झोपू लागला. सातव्या दिवशी असंबद्ध बडबडायला लागला. मग मात्र टांग्यात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस आधी आणायला हवं होतं." तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्यानंतर आईने औषध देणं बंद केलं. लोक यायचे, तेव्हा ती म्हणायची, "हल्ली झाड मिळत नाही हो." परसात तर गुडघ्याएवढी भुईआवळी माजलेली असायची. १९९४ साली ती गेली. सतरा वर्षांत घरात कुणी त्या विषयावर एक शब्द बोललं नाही. मीही नाही.

तर नातीने झाडपाल्याचा विषय निवडला तेव्हा माझ्या मनात हे होतं.

तिला ह्या विषयाची गोडी कशी लागली तेही सांगतो. कोरोनाच्या वेळी आपण सगळेच काढे पीत होतो. आमच्याकडे गुळवेलीचा काढा रोज व्हायचा, ही स्वतः पातेलं भरून करायची. शेजारच्यांच्या झाडावरून वेल आणलेली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. त्यावर आयुष मंत्रालयाने म्हटलं की गुळवेलीसारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची दुसरी वेल आहे, ती चुकून घेतली गेली असू शकते, आधी झाडाची ओळख नीट पटवायला हवी होती. पुढे वाद बराच झाला. नात तेव्हा बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला होती. ती हिला म्हणाली, "आजी, आपण पितोय ती कुठली?" हिने उत्तर दिलं, "गुळवेलच की. सगळे तेच म्हणतात." नातीने वेलीचा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला आणि कॉलेज उघडल्यावर पहिल्यांदा तो घेऊन गेली. आमची वेल खरीच गुळवेल निघाली. पण "सगळे म्हणतात" हा पुरावा होत नाही हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. काढा मात्र तिने त्याच दिवशी बंद करायला लावला. म्हणाली, खरी असली तरी रोज पातेलंभर कशाला?

अखेर इथल्याच कॉलेजात प्रवेश झाला. दोन वर्षं, चार सेमिस्टर. पहिल्या वर्षी वर्ग आणि प्रॅक्टिकल, दुसऱ्या वर्षाचा बहुतेक वेळ संशोधन आणि प्रबंध. तिच्या टेबलावर कोकाटे, पुरोहित, गोखले या तिघांचं जाडजूड पुस्तक असायचं. भारतभरची पोरं ते वाचतात, आणि तिन्ही आडनावं आपली! त्यातले डॉ. कोकाटे पुढे आपल्या बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे कुलगुरूही होते, हे मला तिच्याकडूनच कळलं. गावात राहून आपल्याला काही माहीत नसतं.

रात्री जेवणं झाली की ती मला काय काय सांगायची. तिला पाठ करायला ऐकणारा माणूस हवा होता, आणि मला उद्योग. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेत गेले आणि मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळं केलं. त्याच्यापासून पुढे कर्करोगाची औषधं तयार झाली. नंतर तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही सापडलं. फुलांना घाण वास येतो म्हणून लोकांनी ज्याला नरक्या म्हटलं, ते झाड! मग त्याची तोड इतकी झाली की आता ते दुर्मीळ होत चाललंय. सर्पगंधेचंही तसंच. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग होतो हे रुग्णांवरच्या नोंदींसह एका ब्रिटिश नियतकालिकात छापलं, तेव्हा जगाचं तिकडे लक्ष गेलं. मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होतीच. नोंदी ठेवून, मोजून, छापून दाखवलं म्हणून ती जगाने मानली. हे ऐकताना मला बरं वाटायचं, पण आईची आठवण येऊन घशात काहीतरी अडकायचंही.

एकदा तिने मला प्रयोगशाळा दाखवायला नेलं. तिथे गेल्यावर मला वाटलं, अरे, ही तर आपली बँकच आहे. झाड आणलं की ते वर्तमानपत्रात दाबून वाळवायचं (आमच्या घरचे 'तरुण भारत'चे जुने अंक असे संपले), जाड कागदावर चिकटवायचं, खाली चिठ्ठी लावायची: कुठे मिळालं, कुठल्या तारखेला, कुणी आणलं. मग जाणकार वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून घ्यायची आणि नंबर टाकून जपून ठेवायचं. या कागदाला काय म्हणतात माहितीये? व्हाउचर! मी हसतच सुटलो. आयुष्यभर मी पोरांना ओरडत आलो की व्हाउचरशिवाय एंट्री नाही. तेच इथे. उद्या कुणी विचारलं की तुम्ही कुठल्या झाडावर काम केलंत, तर कपाटातून कागद काढून दाखवता आला पाहिजे.

पुढे अंधाऱ्या पेटीत अतिनील दिवा होता. काचेसारख्या पट्टीवर झाडाच्या अर्काचा थेंब लावायचा, पट्टीचं खालचं टोक द्रावणात उभं करायचं, द्रावण वर चढत जातं आणि अर्कातली द्रव्यं आपापल्या उंचीवर थांबतात. मग ती पट्टी दिव्याखाली धरली की ठिपके चमकतात. पानातलं हरितद्रव्य तर लालभडक दिसलं. आमच्या कॅशियरकडे नोटा तपासायला असाच दिवा असायचा. खरी नोट कुठली, खोटी कुठली. मी नातीला म्हटलं, "तू पण कॅश काउंटरलाच बसलीस की गं."

आता मुद्द्यावर येतो. प्रबंधासाठी विषय निवडायची वेळ आली आणि तिच्या गाइड मॅडमनी सुचवलं: काष्ठौषधींच्या दुकानांत आणि घरोघरी भुईआवळी म्हणून जे वापरलं जातं, ते नक्की काय असतं ते तपासायचं. नात घरी आली ती उड्या मारतच. "आबा, पणजी देत होती तेच!" तिला एवढंच माहीत होतं की पणजी औषध द्यायची. ती का थांबली ते माहीत नव्हतं. मी फक्त "हं" म्हटलं.

भुईआवळीची गोष्ट मोठी आहे. हेपटायटिस बी विषाणूच्या शोधासाठी १९७६ चं नोबेल मिळालेले डॉ. ब्लुमबर्ग यांनीही या झाडावर काम केलं. १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये मद्रासच्या शास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला, त्यात ब्लुमबर्गही होते. हेपटायटिस बी अंगात घेऊन फिरणाऱ्या लोकांना भुईआवळीची २०० मिलिग्रॅम पूड दिवसातून तीनदा, तीस दिवस दिली. नंतर तपासलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातली विषाणूची खूण नाहीशी झाली. नुसतीच दिखाऊ गोळी दिलेल्यांत २३ पैकी एकाची. सगळीकडे खळबळ उडाली. पण पुढे इतर ठिकाणी केलेल्या अभ्यासांत तसा गुण दिसला नाही. मग वाद सुरू झाला: झाड तेच होतं का, कुठल्या जमिनीतलं, कुठल्या महिन्यात तोडलेलं? म्हणजे पुन्हा प्रश्न व्हाउचरपाशीच.

भुईआवळी नावाखाली चार-पाच तरी जाती खपतात. नातीने पावसाळ्यात गावभर फिरून झुडपं गोळा केली, दुकानांतून वाळलेला माल आणला. एके संध्याकाळी शहापूरच्या जुन्या घराच्या परसातून मूठभर झुडपं घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून दोन ढीग करायला लागली. "हे बघा आबा. या ढिगाचा देठ हिरवा आहे, दाणे गुळगुळीत, छोट्या देठावर लटकलेले. हा फायलँथस अमारस. आणि या ढिगाचा देठ तांबूस, दाणे खडबडीत आणि खोडाला चिकटलेले. हा फायलँथस युरिनारिया. दोन्ही एकाच परसात, शेजारी शेजारी. लोक दोन्हींना भुईआवळीच म्हणतात."

मी त्या दोन ढिगांकडे बघत बसलो. मला आठवलं, मी आठ-नऊ वर्षांचा असेन, आईने परसात पिटाळलेलं. मी मूठभर उपटून आणलं आणि तिने त्यातलं निम्मं बाजूला फेकलं. "तांबड्या देठाची नको रे, हिरवी आण." मी नातीला हे सांगितलं. ती वही घेऊन बसली. "पणजीला फरक माहीत होता? आबा, हे आधी का नाही सांगितलंत?" तिला इतका आनंद झाला की विचारू नका.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. कारण १९७७ साली धाकट्यासाठी झुडपं आणणारा मीच होतो. त्या चार दिवसांत आई त्याच्या उशापासून हलत नव्हती. संध्याकाळी, भर पावसात, कंदील घेऊन मी परसात गेलो आणि हाताला लागेल ते उपटून आणलं. आईने ते न बघताच पाट्यावर घेतलं. देठ हिरवा होता की तांबडा? पन्नास वर्षं मी आईला मनातल्या मनात दोष देत आलो होतो, कधी डॉक्टरांना, कधी नशिबाला. ही एंट्री आपल्याही नावावर असू शकते हे पहिल्यांदाच लक्षात आलं.

तीन-चार दिवसांनी झोपाळ्यावर बसलो असताना मी नातीला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं. आणि विचारलं, "हिरवी असती तर वाचला असता का गं?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आबा, पाण्यातून होणारी कावीळ, ए आणि ई प्रकारची, बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. पणजीकडे आलेले बरेच जण तसेच बरे झाले असतील. लॅन्सेटमधले लोक तर चालते-फिरते होते. धाकट्या आजोबांचं यकृतच निकामी होत होतं. दिवसा झोप येणं, बडबडणं, ही त्याचीच लक्षणं. असं यकृत कुठल्याही भुईआवळीने सावरतं असा पुरावा नाही. हिरवी नाही, तांबडीही नाही."

"म्हणजे आईचं औषध खोटं?"

"तसंही म्हणता येत नाही. त्यात काही गुण असेलही. कुणाला, किती, कुठल्या काविळीत, तेच अजून नीट सिद्ध झालेलं नाही. म्हणून तर आम्ही शिकतोय."

"आणि ते सात दिवस?"

यावर ती काही बोलली नाही. त्या काळी वेळेत नेलं असतं तरी डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं, असं नंतर तिच्या मॅडम म्हणाल्या. असेल. पण नातीने त्या वेळी मला खोटं समाधान दिलं नाही, हे मला फार आवडलं. बँकेत असती तर चांगली इन्स्पेक्टर झाली असती.

प्रबंध पूर्ण झाला. दुकानांतून आणलेल्या काही पुड्यांत दोन-तीन जाती सरमिसळ निघाल्या. हिरव्या देठाच्या झाडाच्या पट्टीवर जो ठिपका ठळक दिसायचा, तो तांबड्या देठाच्या पट्टीवर तिला दिसला नाही. बाहेरचे परीक्षक आले, तोंडी परीक्षा झाली, आणि २०२४ मध्ये ती एम. फार्म. झाली. आता वनौषधींच्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. येणारा माल खरा की खोटा ते बघते. पगार मैत्रिणींपेक्षा थोडा कमी आहे, हे मी नोंदवून ठेवतो. हिशोब म्हणजे हिशोब. पण आपल्यापैकी कुणाची नात-नातू हा विषय घ्यायचं म्हणत असतील तर मी केला तसा विरोध करू नका. झाडं ओळखण्याची आवड, रसायनशास्त्राचा कंटाळा नसणं आणि भरपूर चिकाटी, एवढं असेल तर खुशाल जाऊ द्या.

आणि एक हात जोडून विनंती. कावीळ दिसली की आधी रक्त तपासा, डॉक्टरांना दाखवा. घरचं औषध द्यायचं असेल तर ते डॉक्टरांना सांगून. माणूस दिवसा झोपायला लागला, काहीबाही बोलायला लागला तर एक तासही थांबू नका.

शहापूरच्या परसातला एक कागद आता कॉलेजच्या कपाटात आहे, नंबर टाकलेला. ती झुडपं आणायला शेवटच्या खेपेला मीही गेलो होतो, चष्मा लावून, दिवसाउजेडी, एकेक देठ बघत. चिठ्ठीवर 'कुणी आणलं' या रकान्यात नातीने स्वतःच्या नावापुढे माझंही नाव घातलंय.

तुमच्याही घरी, इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, कुठेही असा, आई-आजी असं एखादं औषध देत असतील. झाडाचं नाव, ते कसं ओळखायच्या, काय टाकून द्यायच्या, आठवेल तेवढं लिहून ठेवा. आमच्यासारखं पन्नास वर्षं गप्प बसू नका.